उजव्या हाताचं माप

सिम्लेडांडा, भोजपूर
९ जेठ २०४६

प्रिय दाजू,

आमाला बरं आहे, मला बरं आहे, म्हशीलाही बरं आहे. तुझं कसं आहे ते तूच जाणे. लंकेतून फागुनात तुझं पत्र आलं, त्यानंतर एक अक्षर नाही. आमा अंगणाच्या कडेला उभी राहून टपालवाल्याला हाका मारते. तो बिचारा आता आपल्या घराखालून जाताना मान वरच करत नाही.

त्या पत्रात तू लिहिलं होतंस, की यंदा नवरात्रात, दसैंला नक्की येतो आणि मी येण्याआधी माझ्यासाठी एक खुकुरी घडवून ठेव. फौजेची नको, ती सरकारला परत करावी लागते, माझी स्वतःची पाहिजे. आमाने ते वाक्य माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलंय की आता ती मला शिकवते. बा गेला म्हणून गेल्या दसैंला आपल्या घरी सुतक होतं, अंगणात काही झालं नाही. यंदा बाच्या जागी तू उभा राहायचंस आणि एका घावात देवीचा बोकड उतरवायचास. बाची खुकुरी त्या कामाची राहिलेली नाही. जन्मभर धार लावून लावून त्याने ती इतकी झिजवली, की मी तिने आता पालेभाजी चिरते.

कान्छा बा आतापासूनच चौतारीच्या पारावर बसून सगळ्यांना ऐकवतात, ‘फौजेत हल्ली नुसत्या बंदुका. पोराला खुकुरी धरता तरी येते का? नाही जमलं तर काका आहेच.’ त्यांना बाच्या जागेवर उभं राहायची किती घाई झालीय ते आमाला दिसतं. ती फक्त त्यांच्या पुढ्यात चहा जरा आपटून ठेवते.

तर काल मी खालच्या लोहारवस्तीत सेते कामींच्या भट्टीवर गेले. म्हणाले, ‘खुकुरी कुणाला?’

‘दाजूला.’

‘मग त्याचा हात कुठाय?’

‘तो फौजेत आहे.’

‘आणि हात? हात पण फौजेत?’ असं म्हणून स्वतःच हसले. मग म्हणाले, ‘पातं मी डोळे मिटून घडवीन. पण हात बघितल्याशिवाय मूठ बसवणार नाही. मूठ हातात फिरली की घाव बोकडाच्या मानेवर नाही, आपल्याच गुडघ्यावर बसतो. हात कागदावर काढून मागव.’

मी आगाऊ पैसे पुढे केले तर म्हणाले, ‘आधी हात, मग पैसे.’

तेव्हा कागदावर हात पसरून ठेव, बोटांच्या कडेने पेन्सिल फिरव आणि लगेच पाठव. मी त्यांना सेते बा म्हणते हे आमाला कळलंय. ‘कामीला बा म्हणतेस, उद्या त्याच्या घरचं पाणी पिशील,’ म्हणून ती माझ्यावर चिडलीय. चिडू दे. तू लिही.

तुझी धाकटी बहीण कांछी,
दिलसरा


पुणे
१८ जून १९८९

प्रिय कांछी,

रागावू नकोस. लंकेतून मला इकडे पुण्याला पाठवलंय. एक ट्रेनिंग आहे, जरा लांबणारं आहे. हे पत्र माझा दोस्त टेकबहादुर लिहितोय. तो प्यूठानचा आहे, त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे आणि मला इथे लिहायला सवड होत नाही.

आमाला सांग, मी जाडा झालोय. रोज सकाळी दूध आणि अंडी मिळतात. राहायला पक्की इमारत आहे, खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं. टेक म्हणतो, माझाही आमाला नमस्कार लिही, म्हणजे तोच लिहितोय.

हाताचं चित्र सोबत आहे. सेते कामींना सांग, पातं बाच्या खुकुरीएवढंच लांब ठेवा, मोठं नको. रजेचं आत्ताच काही सांगता येत नाही. कान्छा बांच्या तोंडी लागू नकोस.

तुझा दाजू,
मनरूप


सिम्लेडांडा
२७ असार २०४६

प्रिय दाजू,

अरे, डावा पाठवलास!

सेते बांनी कागद जमिनीवर ठेवला, त्याच्यावर आपला हात ठेवून बघितला आणि असे हसले की भाता मारणारी त्यांची बायकोही हात थांबवून बघायला आली. म्हणाले, ‘सगळे फौजी इथेच चुकतात. उजव्या हातात पेन्सिल धरतात आणि डावा हात काढून पाठवतात. खुकुरी काय उरलेल्या हातात धरायची असते?’ मीही हसले. तरी कागद मात्र त्यांनी टाकला नाही, वाशाच्या फटीत खोचून ठेवला. आता उजवा पाठव. डाव्या हातात पेन्सिल धर, रेघ वाकडी आली तर येऊ दे.

पातं तयार झालंय. धरानहून आणलेल्या ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद आहे. पाणी देताना मी तिथेच होते. पातं लालभडक झाल्यावर त्यांनी ते बाहेर काढलं, पाठीवर उभं केलं आणि काळ्या किटलीतून धारेवर पाण्याची धार सोडली. फक्त धारेवर, पाठीला थेंब लागू दिला नाही. पाठ मऊ राहिली पाहिजे, नाहीतर घावाबरोबर पातं तडकतं म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आमच्या हातचं पाणी तुमच्या खुकुरीला चालतं, तुम्हालाच तेवढं चालत नाही.’ चेष्टेतच म्हणाले. मला मात्र खाली बघावं लागलं.

मी त्यांच्याकडून धार लावायला शिकतेय. बा करायचा ते आपण लहानपणापासून बघत होतो, पण ते बघणं काही खरं नव्हतं. खुकुरीचं पोट आत वळलेलं, त्यामुळे विळ्या-कोयत्यासारखं पातं दगडावर घासता येत नाही, दगडच पात्यावर फिरवावा लागतो. पिखुवा ओढ्यातून एक चपटा, मऊ दगड निवडून आणलाय. ओला करते, पातं डाव्या हाताने गुडघ्यावर दाबून धरते आणि उजव्या हाताने दगड मुळापासून टोकाकडे नेते. पहिल्या दिवशी अंगठा कापला. आता बाची खुकुरी केसही कापते, कान्छा बांच्या मिशीवर बघायची इच्छा आहे.

एक विचारते. तुझ्या अक्षराच्या त्या मुंग्यांच्या रांगा कुठे गेल्या? टेकदाजूंचं अक्षर सुंदर आहे, पण आमा कागद हातात घेते, उलटासुलटा करते आणि म्हणते, ‘यात माझा मनरूप कुठाय?’ तिला वाचता येत नाही, पण तुझ्या मुंग्या ओळखता येतात. दोन ओळी तरी स्वतः लिही. आणि हे कसलं ट्रेनिंग, ज्यात फौज अंडी खायला घालते?

तुझी कांछी


पुणे
६ ऑगस्ट १९८९

प्रिय कांछी,

उजव्या हाताचं चित्र पाठवतोय. आता तरी सेते कामींचं समाधान होऊ दे.

दसैंला रजा मिळणार नाही. कान्छा बांनाच उभं राहायला सांग. ते बाचे धाकटे भाऊ आहेत, त्यांनी मार हाणला, बोकड उतरवला, तर देवी काही कोपणार नाही. खुकुरी झाली की त्यांच्या हातात दे.

आणखी एक. मी आता फौजेत फार दिवस राहणार नाही. इथे एका कारखान्याच्या फाटकावर कामाची सोय होतेय. टेकही तिथेच लागणार. पेन्शन आणि पगार मिळून तुमचं नीट चालेल, मी दर महिन्याला पाठवीन. गावाकडे मला काही काम उरलेलं नाही. शेत आपण कान्छा बांनाच अर्धेलीवर देऊ.

माझी वाट बघू नका. आमाला हे हळूहळू सांग, एकदम नको.

मनरूप


सिम्लेडांडा
१४ भदौ २०४६

प्रिय दाजू,

आमाला हळूहळू सांगायला मला वेळच मिळाला नाही. पत्र आलं तेव्हा ती शेजारीच बसली होती. मी वाचायच्या आधी तिने हाताचा कागद घेतला, मांडीवर पसरला आणि त्या हातावर आपला हात ठेवला. मग म्हणाली, ‘कांछी, ही करंगळी बघ.’

करंगळी वाकडी होती, दाजू.

मी आठेक वर्षांची असेन. दसैंचा मोठा झोपाळा बांधला होता, तू उभा राहून झोका घेत होतास आणि दोरीच्या पिळात तुझी करंगळी अडकली. मी खाली उभी राहून हसत होते. बाने तुला पाठीवर घेऊन बाजारापर्यंत धावत नेलं. ती करंगळी नंतर कधी सरळ झालीच नाही. पण ती डाव्या हाताची होती. मग उजव्या हाताची कधी वाकली?

मी कागद उन्हाकडे धरला. आधी तुझी पाठराखण करायला बसले, म्हटलं, डाव्या हाताने रेघ वाकडी आली असेल, घाईत चुकलं असेल. पण मलाच ते पटेना. शेवटी मी कागद घेऊन सेते बांकडे निघाले, तर आमा उठून माझ्यामागे चालायला लागली. ती आयुष्यात कधी त्या भट्टीवर गेली नव्हती.

सेते बांनी वाशाच्या फटीतून पहिला कागद काढला. दुसरा त्याच्यावर उलटा ठेवला आणि दोन्ही दाराच्या उजेडात धरले. रेघेवर रेघ बसली. अंगठ्याशी एक जाड ठिपका पडलाय, तोसुद्धा बसला. तोच हात, दाजू. पहिलं चित्र पाठवायच्या आधी तू त्याच्यावरूनच आणखी एक गिरवून ठेवलं असशील, आणि मग कुठल्यातरी काचेवर ते उलटं करून गिरवलंस. सेते बा हसले नाहीत. ते भट्टीकडे तोंड करून निखारे सारखे करत राहिले, भट्टी पेटवलेलीही नव्हती.

आमा तिथेच खाली बसली. तिचे ओठ कोरडे पडले होते. सेते बांची बायको लोटा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली, पुढे यावं की नाही तिला कळेना. आमाने हात लांब करून लोटा घेतला, सगळं पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘आणखी आण.’ एवढंच.

तुझा उजवा हात कुठे आहे, दाजू?

आता दूध-अंडी कळली, पक्की इमारत कळली, टेकदाजूंचं अक्षर कळलं. तू इस्पितळात आहेस. मी वाटेत रडले, सरळ सांगते. मला तुझा रागही आलाय, हाताबद्दल नाही, त्या कागदाबद्दल. काचेवर हात उलटा करत बसलास तेव्हा तुला आमा आठवली नाही का? जिने तुझी बोटं मोजूनच तुला पहिल्यांदा कुशीत घेतलं असेल, तिला तू कागदावर फसवणार होतास?

कान्छा बांना मी काही सांगितलं नव्हतं, पण गावात गोष्ट लपत नाही. संध्याकाळी ते आले, दारातच बसले आणि म्हणाले, ‘वहिनी, वाईट झालं. पण आता विचार करा, डाव्या हाताने मार हाणलेला देवीला चालतो का?’

आमा चुलीपाशी होती. तिने वळूनही बघितलं नाही. म्हणाली, ‘भाऊजी, देवीला अठरा हात आहेत. त्यातले अर्धे डावेच असतील ना?’

कान्छा बांनी चहा संपवला आणि उठले. जाताना मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. तेही रडवेले झाले होते, उगाच खोटं का लिहू.

मग रात्रीच्या जेवणाला आमाने दोन घास खाल्ले आणि मला म्हणाली, कागद आण, मी सांगते तसं लिही. तिचंच बोलणं लिहिते.

‘मनरूप, हात गेला तर गेला. पोरगा कुठे चाललाय? फाटकावर उभा राहून दुसऱ्याचं घर राखणार, आणि आपल्या दारात कोण? तुझ्या बाने शेवटच्या दिवशी मला विचारलं होतं, पोरगा कधी येतो. मी म्हटलं होतं, येईल. मला खोटं पाडू नकोस.’

त्यानंतर तिने आपला हात कागदावर ठेवला आणि म्हणाली, ‘काढ.’ सोबत आहे तो तिचा उजवा हात आहे. मनगटाशी रेघ हलली ती माझ्यामुळे. तिने निरोप दिलाय, लेकाला सांग, घरात उजवे हात पुष्कळ आहेत.

आता खुकुरीचं. सेते बांनी पहिल्या कागदावरून म्हशीच्या शिंगाची मूठ तासली. करंगळी वाकडी आहे तिथे एक लहानसा खड्डा ठेवलाय, मला दाखवलाही नाही, मी धरून बघितली तेव्हा कळला. माझ्या हातात ती मूठ जरा चुकते, म्हणजे तुझ्या हातात बरोबर बसेल. म्यानाचा पट्टाही उलट बाजूला शिवून घेतला. पैसे घेतले. आमाने त्यांच्या बायकोला चोळीचं कापड दिलं.

खुकुरी देवाजवळ ठेवलीय. पातं अजून बोथट आहे. सेते बा धार लावून देत नाहीत, पहिली धार घरच्यांनीच लावायची म्हणतात. तू म्हणशील तर मी लावते. खुकुरी एका हाताने चालवता येते, ते मी तुला शिकवायला नको. धार लावायला मात्र दोन हात लागतात आणि ते माझ्याकडे आहेत.

ये, दाजू. आणि पत्र कुणाकडूनही लिहून घेऊ नकोस.

तुझी कांछी


पुणे
१७ सप्टेंबर १९८९

कांछी,

हे मी लिहिलंय. अक्षर बघून हसू नकोस. मुंग्या होत्या, आता त्यांच्यावर कुणीतरी पाय दिलाय.

चैतात गस्तीवर होतो. रस्त्याकडेला सुरुंगाची तार होती, ती मला दिसली नाही. हात मनगटाच्या वर गेला. माझ्या पुढचा जवान तर जिवानिशीच गेला. त्याच्या घरचे आता हाताचा कागदही मागवणार नाहीत, त्याच्यापुढे मी रडायला नको होतं, पण रडलो. पहिलं चित्र टेकने काढलं होतं, आणि त्यानेच गंमत म्हणून त्याच्यावरून एक जादा गिरवून माझ्या उशाला लावलं होतं. दुसरं मी रात्रभर खिडकीच्या काचेवर गिरवलं. करंगळी लक्षातच आली नाही. आमाला कसं फसवणार होतो कोण जाणे.

इथे मला चामड्याचा आणि लोखंडाचा हात दिलाय. चमचा धरतो, बादली उचलतो. मूठ वळत नाही. फाटकावर उभं राहायला तेवढा पुरतो, म्हणून तिथे जाणार होतो. गावात येऊन अंगणात उभं राहायचं, सगळे बघणार, बोकड समोर, आणि बाच्या जागी मी. त्याचीच भीती वाटत होती. अजून वाटते.

आमाचा हात टेबलावर पसरला आणि शेजारी माझा डावा ठेवला. टेक येऊन बघून गेला, चहा ठेवून गेला.

पुढच्या आठवड्यात मला सोडतात. जोगबनीपर्यंत रेल्वेने, मग धरान, मग हिलेपर्यंत बसने. पुढे चालत. घ्यायला कुणी येऊ नका, पाय दोन्ही आहेत. सप्तमीला फूलपाती घरात यायच्या आत पोहोचेन. कान्छा बांना सांग, बोकडाची दोरी त्यांनी धरायची. घट्ट धरा म्हणावं, माझा डावा अजून नवा आहे. चुकलो तर चुकलो, पण तिथे मीच उभा राहणार.

सेते बांना माझा नमस्कार. भट्टीवर आधी जाईन, मग घरी येईन. त्यांच्याकडचं पाणी प्यायचंय.

धार मात्र लावून ठेवू नकोस. पातं बोथटच राहू दे. मी आलो की बा बसायचा तिथे अंगणात बसू. पातं मी धरतो, दगड तू फिरव.

दाजू